दार कोण उघडतंय? मॉन्टी हॉलचं कोडं आणि १९९१ चा एक पेपर

पेटची तयारी करणाऱ्यांच्या नोट्समध्ये, नाहीतर कोर्सवर्कच्या पहिल्या पंधरवड्यात, मॉन्टी हॉलचं कोडं कुठे ना कुठे भेटतंच. तीन दारं. एकामागे मोटार, दोघांमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडता. सूत्रसंचालक उरलेल्या दोनपैकी एक उघडून शेळी दाखवतो आणि विचारतो, "बदलायचंय का?" बहुतेक जण म्हणतात, आता दोनच दारं उरली, म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता, बदलून काय फरक पडणार? मग सर किंवा मॅडम जिंकल्यासारख्या चेहऱ्याने सांगतात: बदला, शक्यता दोन तृतीयांश आहे. वर्गात जरा गलका होतो आणि तास संपतो.

माझी तक्रार तास तिथेच संपण्याबद्दल आहे. दोन तृतीयांश हा आकडा नुसत्या तीन दारांतून निघत नाही. सूत्रसंचालकाला काय माहीत आहे, दोन्ही दारं उघडता येत असतील तेव्हा त्याचा कल कुठल्या दाराकडे आहे, आणि बदलायची संधी तो दर वेळी देतो की त्याच्या मर्जीने, ह्या तीन गोष्टी ठरल्याशिवाय आकडा हलत नाही. आपल्याकडच्या नोट्समध्ये ह्या तिन्ही "सूत्रसंचालकाला माहीत असतं" ह्या एका वाक्यात कोंबलेल्या असतात. कधीकधी तेही वाक्य नसतं.

ज्या पेपरबद्दल आज लिहितेय तो ह्याच गोष्टीवरून भांडायला उभा राहिलेला आहे. मॉर्गन, चागंटी, दहिया आणि डोव्हिअक ह्या चौघांचा, 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' ह्या नियतकालिकात १९९१ मध्ये आलेला, नाव 'लेट्स मेक अ डील: द प्लेयर्स डिलेमा'. पेपर छोटा आहे, गणित बारावीच्या पलीकडे फारसं जात नाही, आणि संशोधनात टीका कशी करावी आणि कशी करू नये, दोन्हीसाठी तो वाचण्यासारखा आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: चौघांनी बोट ठेवलं ते बरोबर जागी. पण सूत्रसंचालकाच्या तीन खोड्यांपैकी जी स्पर्धकाला सगळ्यात कमी नडते तिच्यावर त्यांनी सगळ्यात जास्त आवाज केला.

आधी थोडा इतिहास, कारण तो न वाचताच हे भांडण झालं असं मला वाटतं.

'लेट्स मेक अ डील' हा अमेरिकन टीव्हीवरचा कार्यक्रम १९६३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. मॉन्टी हॉल त्याचा सूत्रसंचालक. (आपल्याकडे २००१ मध्ये स्टार प्लसवर आलेला 'खुल जा सिम सिम' त्याच्यावरच बेतलेला होता. माझ्या पिढीतल्या अनेकांना तीन दारं आठवतात ती तिथली.) कोडं म्हणून ते पहिल्यांदा मांडलं बर्कलीच्या स्टीव्ह सेल्विन ह्या जीवसांख्यिकीच्या प्राध्यापकाने, १९७५ च्या फेब्रुवारीत, ह्याच 'अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'ला लिहिलेल्या पत्रात. तिथे दारं नव्हती, खोके होते, आणि एका खोक्यात गाडीच्या किल्ल्या. गंमत म्हणजे त्या पत्रातला सूत्रसंचालक अदलाबदलीची संधी देतच नाही. तो खोका विकत घ्यायला बघतो, पैसे वाढवत नेतो, एक रिकामा खोका उघडून दाखवतो. आणि अदलाबदल करूया असं स्पर्धकच आपणहून म्हणतो. सूत्रसंचालक चकित होतो.

वाचकांची उलट पत्रं आली. तेव्हा सेल्विनने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरं पत्र लिहिलं आणि आपल्या उत्तराचा पाया उघड सांगितला: एक, बक्षीस कुठे आहे हे हॉलला माहीत आहे, दोन, दोनपैकी कुठलाही खोका उघडला तरी चालणार असेल तेव्हा तो त्यातून यादृच्छिकपणे एक निवडतो. म्हणजे माहिती आणि कल, दोन्ही अटी १९७५ मध्येच छापून आलेल्या होत्या. तेही ज्या नियतकालिकात सोळा वर्षांनी वाद पेटला, त्याच नियतकालिकात.

मधे आली १९९० ची 'परेड' ही साप्ताहिक पुरवणी. मॅरिलिन व्हॉस सावंत (हो, वाचताना आपल्याला सावंतवाडी आठवते, पण संबंध काही नाही) ह्यांच्या सदरात ९ सप्टेंबरला एका वाचकाचा प्रश्न आला: तीन दारं, सूत्रसंचालकाला मागे काय आहे ते माहीत, त्याने तिसरं उघडून शेळी दाखवली, बदलणं फायद्याचं आहे का? बाईंनी उत्तर दिलं: हो, बदला, दोन तृतीयांश. मग सुमारे दहा हजार पत्रं आली, त्यातली हजाराच्या आसपास पीएचडीवाल्यांची, आणि बहुसंख्य "तुम्ही चुकलात" म्हणणारी. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे सामान्य वाचकांच्या पत्रांपैकी ९२ टक्के आणि विद्यापीठांतून आलेल्यांपैकी ६५ टक्के विरोधात होती. एकाने तर बायका गणिताकडे वेगळ्या नजरेने बघत असाव्यात असंही सुचवलं. ही पत्रं कधी तरी जरूर वाचा. सही करताना नावापुढे डॉक्टरेट लावलेली असली की माणूस किती निवांतपणे न मोजता बोलतो, ह्याचा तो उत्तम संग्रह आहे.

आता मोजूया. मी नेहमी सहाशे डाव घेते. अपूर्णांकांपेक्षा माणसाला डाव मोजणं सोपं जातं.

सहाशे स्पर्धकांनी पहिलं दार धरलं. मोटार प्रत्येक दारामागे २०० वेळा. सूत्रसंचालकाला सगळं माहीत आहे आणि तो शेळीचंच दार उघडतो. ज्या २०० डावांत मोटार पहिल्या दारामागे आहे, तिथे बदलणारा हरतो. उरलेल्या ४०० मध्ये सूत्रसंचालकाने स्वतःच चुकीचं दार बाजूला काढलेलं असतं, बदलणारा जिंकतो. ४०० भागिले ६००. हे झालं नेहमीचं उत्तर.

आता त्याची माहिती काढून घ्या. समजा त्यालाही मोटार कुठे आहे ते ठाऊक नाही आणि तो उरलेल्या दोनपैकी कुठलंही एक उघडतो. जेफ्री रोझेंथल ह्या सांख्यिकीतज्ज्ञाने २००८ च्या एका लेखात ह्याला 'मॉन्टी फॉल' म्हटलंय: सूत्रसंचालक केळीच्या सालावरून घसरतो आणि धडपडताना एक दार उघडतं. पहिल्या २०० डावांत काहीही उघडलं तरी शेळीच दिसणार. उरलेल्या ४०० मध्ये मात्र निम्म्या वेळा मोटारच उघडी पडणार, म्हणजे २०० डाव तिथेच फिसकटले. शेळी दिसलेले डाव राहिले ४००: त्यात २०० न बदलता जिंकायचे, २०० बदलून. निम्मं-निम्मं. डोळ्यांसमोर दिसलेलं दृश्य तंतोतंत तेच आहे, तेच दार, तीच शेळी, आणि तरी शक्यता वेगळी.

मधली पायरीही काढता येते. सूत्रसंचालकाला दर डावात 'म' इतक्या शक्यतेने जागा आठवते आणि नाही आठवली तर तो अंदाजे उघडतो असं धरा. शेळी दिसल्यावर बदलून जिंकण्याची शक्यता येते (१+म)/(२+म). म शून्य असेल तर अर्धा, एक असेल तर दोन तृतीयांश, निम्म्या वेळा आठवत असेल तर ०.६. म्हणजे माहिती जितकी पक्की, तितकी तिची गळती स्पर्धकाकडे जास्त.

इथे मला शंभर दारांच्या स्पष्टीकरणावर थोडं बोलायचंय, कारण ते फार लाडकं आहे. "शंभर दारं असती, तुम्ही एक धरलं असतं, आणि सूत्रसंचालकाने अठ्ठ्याण्णव उघडून शेळ्या दाखवल्या असत्या, तर बदललं असतंत ना?" समोरचा हो म्हणतो आणि आपण जिंकलो असं वाटतं. पण ह्या वाक्यात सूत्रसंचालकाला माहीत आहे की नाही हे कुठेच नाही. तो आंधळेपणाने अठ्ठ्याण्णव दारं उघडत गेला आणि योगायोगाने सगळीकडे शेळ्या निघाल्या, तर उरलेल्या दोन दारांत पुन्हा निम्मं-निम्मंच राहतं. (तुमचं दार बरोबर असण्याची शक्यता शंभरात एक, दुसरं बरोबर असून ते नेमकं न उघडलेलं राहण्याची शक्यताही शंभरात एक.) तरी ऐकणारा दोन्ही वेळा सारखाच पटून मान डोलावतो. जे स्पष्टीकरण अट पूर्ण असली काय नसली काय, तितकंच पटतं, ते पटवतंय, सिद्ध करत नाहीये. व्हायवाला अशी स्पष्टीकरणं घेऊन जाऊ नका.

सिम्युलेशनवाल्यांसाठीही ह्याच जागी एक खड्डा आहे. पायथनमध्ये तुम्ही आंधळा सूत्रसंचालक लिहिलात आणि त्याने मोटारीचं दार उघडलं, तर पुढे काय करायचं? एक जण लिहितो: हा डाव सोडून द्या, पुढचा घ्या. दुसरा लिहितो: ह्याच डावात दुसरं दार उघडा. दोन्ही कोड चालतात, दोन्ही "फक्त शेळी दिसलेले डाव" मोजतात. पहिल्याचं उत्तर ०.५ येतं, दुसऱ्याचं ०.६६७. दुसऱ्याने नकळत सूत्रसंचालकाला माहिती देऊन टाकली. फरक एका ओळीचा. तुमच्या डेटामधल्या 'अवैध' नोंदी तुम्ही गाळता की त्यांच्या जागी नवीन भरता, हा प्रश्न मेथडॉलॉजीच्या प्रकरणात दोन ओळींत उरकला जातो. तो एवढा स्वस्त नाही.

आणि 'परेड'च्या बाबतीत हेच झालं. व्हॉस सावंत बाईंनी देशभरच्या शिक्षकांना वर्गात पेले आणि नाणी घेऊन प्रयोग करायला सांगितलं. मुलांनी केला, उत्तर दोन तृतीयांश आलं, वाद शमू लागला. पण वर्गात सूत्रसंचालक झालेल्या मुलाला नाणं कुठे आहे ते माहीत होतं आणि रिकामाच पेला उचलायचा नियम आधीच घालून दिलेला होता. प्रयोगाने नियमाचं उत्तर तपासलं. मूळ प्रश्नात तो नियम होता का, हे पेले सांगू शकत नाहीत.

तर आता पेपर. मॉर्गन आणि मंडळींचा मुद्दा असा. स्पर्धक निर्णय घेतो तेव्हा तिसरं दार उघडलेलं त्याने पाहिलेलं आहे. "बदलत राहिलं तर एकंदर किती वेळा जिंकू?" हा त्याचा प्रश्न नाही. "पहिलं धरलं, तिसरं उघडलं, आता दुसऱ्यामागे मोटार असण्याची शक्यता किती?" हा आहे. पहिल्याचं उत्तर सशर्त नाही, दुसऱ्याचं सशर्त आहे. आणि दुसऱ्यासाठी सूत्रसंचालकाचा कल लागतो. मोटार पहिल्याच दारामागे असेल तर त्याला दुसरं-तिसरं दोन्ही मोकळी. अशा वेळी तो तिसरं उघडण्याची शक्यता 'क' धरा. मग सहाशे डावांत तिसरं उघडतं २०० गुणिले क, अधिक २०० वेळा. त्यात बदलून जिंकणारे २००. उत्तर: १/(१+क).

नाणं टाकून ठरवणारा सूत्रसंचालक असेल, क म्हणजे अर्धा, तर दोन तृतीयांश. पण समजा तो तिसऱ्या दाराशेजारी उभा असतो, आळशी आहे, आणि जमेल तेव्हा तिसरंच उघडतो. क झाला एक. तिसरं उघडलं की बदलण्याची शक्यता घसरून अर्ध्यावर येते. आणि त्याने मुद्दाम चालत जाऊन दुसरं उघडलं तर? तर मोटार नक्की तिसऱ्यामागे आहे, नाहीतर तो कशाला हलला असता. शक्यता एक.

इथे पेपर खरोखर चांगला आहे. "तुमच्या दाराची एक तृतीयांश शक्यता बदलत नाही, उघडलेल्या दाराची शक्यता सरकून उरलेल्या दारावर जाते" हे जे सगळीकडे सांगितलं जातं, ते आळशी सूत्रसंचालकापुढे सपशेल पडतं. तिथे तुमच्या दाराची शक्यता एक तृतीयांशावरून अर्ध्यावर जाते. म्हणजे बदलत नाही हे गृहीत धरता येत नाही, दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला निःपक्षपाती सूत्रसंचालक लागतो. उत्तर बरोबर आणि कारण चुकीचं, असं ज्यांच्या वह्यांत आहे त्यांनी ह्या चौघांचे आभारच मानायला हवेत.

पण किती नुकसान होतं ते बघा. क शून्य असो की एक, १/(१+क) अर्ध्याच्या खाली कधीच जात नाही. हे पेपरमध्येच म्हटलेलं आहे: कल कसाही असला तरी बदलण्यात तोटा नाही. आणि आळशी सूत्रसंचालकाचे सगळे डाव एकत्र करा: तिसरं उघडलेले ४००, त्यात २०० जिंकले, दुसरं उघडलेले २००, सगळे जिंकले. एकूण ४००. परत दोन तृतीयांश! दाराच्या कलाने जिंकण्याची गोळाबेरीज हलत नाही, ती फक्त वेगवेगळ्या प्रसंगांत वाटली जाते. त्यामुळे "काय करू?" असं विचारणाऱ्या वाचकाला दिलेला "बदला" हा सल्ला ह्या मुद्द्यावर पूर्णपणे टिकतो. असं असताना सदरलेखिकेचं उत्तर 'खोट्या उत्तरां'च्या रांगेत बसवणं आणि तो सूर लावणं मला अनाठायी वाटतं. अपुरं म्हणणं योग्य होतं. अपुरं आणि खोटं ह्यांत फरक आहे, आणि लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपण तो सर्रास पुसतो.

आता ह्या पेपरमधली मला सगळ्यात आवडलेली जागा. क माहीत नसेल तर? चौघांनी म्हटलं, शून्यापासून एकपर्यंत सगळे क सारखेच शक्य धरा आणि १/(१+क) ची सरासरी काढा. उत्तर येतं दोनचा नैसर्गिक लॉगॅरिदम, ०.६९३. दोन तृतीयांशापेक्षा थोडं जास्त. दिसायला किती सुंदर! आणि चूक. जवळपास वीस वर्षांनी हॉगबिन आणि नैडॅम ह्या दोघांनी त्याच नियतकालिकाला पत्र लिहून ती दाखवली.

चूक कुठे आहे ते छोट्या उदाहरणात बघा. समजा सूत्रसंचालक दोनच प्रकारचे: अर्धे तिसऱ्या दाराचे भक्त (क एक), अर्धे तिसऱ्याला शक्यतो हात न लावणारे (क शून्य). चौघांच्या पद्धतीने सरासरी: अर्धा आणि एक ह्यांची, म्हणजे तीन चतुर्थांश. आता ३००-३०० डाव मोजा. भक्तांनी तिसरं २०० वेळा उघडलं, त्यात बदलणारे १०० जिंकले. दुसऱ्या गटाने तिसरं १०० वेळाच उघडलं, शंभरही जिंकले. एकूण ३०० पैकी २००. दोन तृतीयांश. कारण साधं आहे: तिसरं दार उघडलेलं दिसलं ह्याचाच अर्थ समोरचा भक्त असण्याची शक्यता वाढली. दार पाहिल्यावर मोटारीबद्दलचा अंदाज बदलला, तसा सूत्रसंचालकाबद्दलचाही बदलायला हवा होता. ज्या पेपरचं सगळं भांडणच "पाहिलेल्या गोष्टीची अट लावा" ह्यावर उभं आहे, त्याच पेपरात एक अट लावायची राहून गेली. आणि सगळे क सारखेच शक्य धरले तरी, नीट मोजलं की तेच दोन तृतीयांश येतात. लेखकांनी उत्तरादाखल प्रश्नात अनुस्यूत असलेल्या अटी धरल्या तर उत्तर दोन तृतीयांशच, हे मान्य केलं. वीस वर्षांनी का होईना, छापून मान्य केलं, ह्याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

तिसरी खोडी मात्र भारी आहे. १९९१ च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर जॉन टिअर्नी ह्या पत्रकाराची बातमी आली. तो थेट मॉन्टी हॉलच्या घरी गेला आणि दोघे टेबलावर हा खेळ खेळले. आधी नेहमीच्या नियमाने, आणि बदलण्याने फायदा होतो हे दिसलं. मग हॉलने पद्धत बदलली. पत्रकाराने शेळीचं दार धरलं की तो तेच उघडून दाखवायचा, संधीच नाही. मोटारीचं धरलं की दुसरं दार उघडून शेळी दाखवायचा, आणि बदल म्हणून पैशांचीही लालूच. बदलणारा दर वेळी शेळीवर. हॉलचं म्हणणं थोडक्यात असं: दर वेळी दार उघडून संधी देणं सूत्रसंचालकाला बंधनकारक असेल तर बदला, त्याच्या मर्जीवर असेल तर सावध राहा. त्याच बातमीत मार्टिन गार्डनरने कोडं नीट मांडलेलंच नाही असं म्हटलं, आणि पर्सी डायकोनिसने सूत्रसंचालकाचा हेतू कळल्याशिवाय काटेकोर उत्तर देता येत नाही असं. 'परेड'च्या प्रश्नात सूत्रसंचालकाला माहीत आहे एवढंच होतं. तो दर वेळी असंच करतो, हे नव्हतं.

ह्याचंही सूत्र दोन मिनिटांचं आहे. तुमचं दार बरोबर असेल तेव्हा तो 'अ' शक्यतेने संधी देतो, चूक असेल तेव्हा 'ब' शक्यतेने. संधी मिळालेल्या डावांत बदलून जिंकण्याची शक्यता २ब/(अ+२ब). दोन्ही सारखी असली की दोन तृतीयांश. ब हा अ च्या बरोबर निम्मा झाला की अर्धा. बरोबर दाराला नेहमी संधी आणि चुकीच्या दाराला चारात एकदा, असं असेल तर एक तृतीयांश, म्हणजे बदलणं हे न बदलण्यापेक्षा निम्म्याने वाईट. ब शून्य, तर शून्य. दाराचा कल तुम्हाला अर्ध्याखाली नेऊ शकत नव्हता. संधीचा कल तळापर्यंत नेतो. आणि त्याला माहिती नसती तर त्याला हे करताच आलं नसतं: माहिती असलेला सूत्रसंचालक प्रामाणिक असेल तर तुमचा फायदा, नसेल तर त्याच माहितीने तुमचा कार्यक्रम होतो.

म्हणून १९९१ मध्ये सांख्यिकीच्या पेपरापेक्षा वर्तमानपत्राच्या बातमीने प्रश्नाच्या दुखऱ्या जागी हात घातला असं मी म्हणते. पेपरातलं सूत्र जास्त नीटस आहे, पण ते ज्या अनिश्चिततेला धरून आहे तिने निर्णय बदलत नाही. बातमीतल्या अनिश्चिततेने बदलतो. रिचर्ड गिल ह्या सांख्यिकीतज्ज्ञाने २०११ मध्ये ह्याच कोड्यावरच्या लेखाला नाव दिलं तेही असंच: हे संभाव्यतेचं कोडं नसून गणिती प्रारूप मांडण्याचं आव्हान आहे. ह्या विषयावरचा एकच लेख वाचायला वेळ असेल तर तो वाचा.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ह्या तिसऱ्या खोडीपाशी जास्त वेळ घालवावा, कारण ती आपल्या रोजच्या कामात आहे. समजा तुम्ही एखाद्या तालुक्यात पाण्याच्या योजनेवर सर्वेक्षणाला गेलात. गावात कुणी ओळखीचं नाही, म्हणून सरपंचांचा एक माणूस सोबत येतो आणि घरं दाखवतो. नळाला पाणी आहे का, हे त्याला घराघराचं माहीत आहे. तो ज्या घरी नेतो तिथे पाणी आहे. तुमच्या वहीत चाळीस घरं, पस्तीस समाधानी. ह्या पस्तीसचा अर्थ चाळीस ह्या आकड्यात नाही. तो माणूस गल्लीने सरळ चालत होता, की जवळची घरं आधी घेत होता, की "तिकडे काय बघायचंय, चला चहा घेऊ" म्हणून काही वाड्या टाळत होता, ह्याच्यात आहे. सरळ चालत असेल तर मॉन्टी फॉल, चिंता नाही. जवळची घरं घेत असेल तर दाराचा कल, त्रासदायक पण हाताळण्याजोगा. चहाला नेत असेल तर टेबलावरचा मॉन्टी हॉल. आणि तुम्ही नमुना चाळीसचा चारशे केलात तरी तो माणूस तोच राहिला तर उत्तर सुधारत नाही. चुकीच्या उत्तराभोवतीचा विश्वासमध्यांतर तेवढा अरुंद होतो, आणि तो अरुंद झालेला बघून आपल्याला बरं वाटतं.

छापील संशोधनाचंही तेच. रॉबर्ट रोझेंथल ह्या मानसशास्त्रज्ञाने (मघाचा केळीच्या सालवाला रोझेंथल वेगळा) १९७९ मध्ये 'फाईल ड्रॉवर'चा प्रश्न मांडला: परिणाम न दिसलेले अभ्यास खणात राहतात, दिसलेले छापून येतात. मेटा-अॅनालिसिस करणारा समोर आलेली दारं मोजतो. अ आणि ब तिथेही आहेत, फक्त ते संपादकांच्या, लेखकांच्या आणि गाईडांच्या हातात आहेत. ज्या क्षेत्रात तुम्ही सिनॉप्सिस लिहिताय तिथे ब हा अ च्या निम्म्याहून कमी असेल का, ह्याचा कागदावर अंदाज करून बघा. फनेल प्लॉट काढायच्या आधी.

पेपर वाचायला घेणाऱ्यांसाठी एक सूचना. आधी सेल्विनची १९७५ ची दोन्ही पत्रं वाचा, मिळून चार पानंही भरणार नाहीत. मग १९९१ चा पेपर, त्याच्यासोबत छापलेली टिप्पणी, आणि शेवटी हॉगबिन-नैडॅमचं पत्र आणि त्यावरचं उत्तर. मधे कधीतरी सिम्युलेशन लिहा, आणि सूत्रसंचालक दार निवडतो ती ओळ तपासा. 'स्पर्धकाचं नाही आणि मोटारीचंही नाही असं पहिलं सापडलेलं दार' अशी ती असेल, आणि बऱ्याच जणांची असते, तर तुमचा सूत्रसंचालक आळशी आहे, फक्त कमी क्रमांकाच्या दाराचा भक्त. एकूण उत्तर ०.६६७ च येईल, त्यामुळे कळणार नाही. निकाल उघडलेल्या दाराप्रमाणे वेगळे काढा, मग दिसेल.

आणि सेल्विनच्या पहिल्या पत्रानंतर खुद्द मॉन्टी हॉलने त्याला पत्र पाठवलं होतं, तेही शोधून वाचा. एक खोका रिकामा दिसला म्हणून शक्यता निम्मी-निम्मी होत नाही हे हॉलला सेल्विनच्या कित्येक वाचकांपेक्षा आधी कळलेलं होतं. शिवाय त्याने हेही कळवलं की त्याच्या कार्यक्रमात एकदा निवड झाल्यावर खोके बदलून मिळत नाहीत.